वाकळीसाठी एक भिंत

आमच्या सांगलीच्या घराच्या भिंती मोजायला बसलं तर सोळा-सतरा तरी भरतील. त्यातली एक मला हवी होती. कायमची नव्हे, महिनाभरासाठी. पण तेवढ्यासाठी मला जे सोसावं लागलं ते ऐकून कुणालाही वाटेल, ही बाई घर पाडायलाच निघाली होती.

भिंत कशाला हवी होती ते आधी सांगते. माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आक्काला, काचबिंदू आहे. ती इस्लामपूरजवळच्या तिच्या गावी मुलाकडं असते. उजव्या डोळ्यानं तिला काही दिसत नाही, आणि डाव्याची नजर कमी कमी होत चाललीय. मिरजेच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली थेंब घालून सांभाळायची. तरी दर तपासणीला ती थोडी कमीच भरते.

आणि आमची एक वाकळ शिवायची राहिली होती. आई गेली तेव्हा तिच्या ट्रंकेतली लुगडी आम्ही दोघींनी फाडून तुकडे करून ठेवली होती, ‘सवडीनं शिवू’ म्हणून. मग माझी शाळेची नोकरी, तिचं शेत, माझ्या पोरीचं लग्न, तिच्या सुनेची बाळंतपणं. सवड मिळाली तेव्हा तिचे डोळे गेलेले आणि माझे गुडघे. आमच्यात वाकळ दोघींनी शिवायची. एकीनं ह्या कडेला बसायचं, दुसरीनं त्या कडेला, आणि कडेकडेनं टाके घालत आत सरकायचं. सगळ्यात मध्ये एक नवा खण लावायचा, जुन्यात एक तरी नवं असावं म्हणून. तो खण आईनं तिच्या हातानं आक्काजवळ देऊन ठेवला होता.

आक्कानं मला फोनवर सांगितलं, “मला आता सुई धराय जमायची न्हाई. तू शीव. पर टाका घालायच्या आदी एकदा मला बघू दे. आख्खी, एका नजरंत. मग खण देते. एकदा शिवून झाली की माझ्या डोळ्याचा काय भरवसा?” 

म्हणजे काम एवढंच होतं: आईच्या लुगड्यांची वाकळ शिवण्याआधी मांडून दाखवायची, आणि तीही आक्काला दिसतंय तोवर दाखवायची. पुढच्या तपासणीला ती मिरजेला येणार होती. आदल्या दिवशी माझ्याकडं मुक्काम. हाताशी महिना होता.

पहिल्यांदा मी तुकडे जमिनीवरच मांडले, दुसरं काय करणार? हॉलमधलं टीपॉय सरकवलं, गुडघे करकरत होते तरी खुरमांडी घातली आणि दोन तास खपून शंभरेक तुकडे लावले. उठताना सोफ्याला धरून ‘आई गं’ म्हणत उभी राहते न राहते, तोच आमचे हे बाहेरून आले. कपाळाचा घाम पुसला आणि पंखा पाचावर केला. झालं! आईची सगळी लुगडी टीव्हीवर, कोपऱ्यात, देवघराच्या पायरीवर. “अगं, इथं काय पडलं होतं?” हे विचारतात मला. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. त्या दिवशी मी रात्रीचा स्वयंपाक केला नाही, भडंग खा म्हटलं.

मग पोरीनं मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक परदेशी बाई भिंतीला केसाळ कापड ताणून लावते आणि त्याला नुसता तुकडा टेकवते. तुकडा चिकटतो! टाचणी नको, डिंक नको, गुडघा नको. बाई उभ्या उभ्या तुकडे लावते, काढते, मागं सरून बघते, हसते. मी तो व्हिडिओ चार वेळा बघितला. आक्काला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, “वाकळ भिताडाला? ती काय क्यालिंडर हाय व्हय?” पण मी ठरवलं ते ठरवलं.

भिंत कुठली, हा पहिला प्रश्न. हॉलची मोठी भिंत सरळ समोर होती, पण तिच्यावर सासू-सासऱ्यांचे हार घातलेले फोटो, त्याच्या शेजारी ह्यांच्या पलटणीचा शंभर जणांचा फोटो, ह्यांची पदकं काचेच्या पेटीत, आणि खाली टीव्ही. आमचे हे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मी म्हटलं, “अहो, पलटण महिनाभर आतल्या खोलीत पाठवा की.” 

ते गंभीर झाले. “पलटणीचा फोटो हलायचा नाही.” 

“का? सीमेवर आहे का तो?” 

“तू मस्करी करतेस, पण त्यातले निम्मे आता नाहीत.” 

पलटण जागेवरच राहिली. सासू-सासऱ्यांना हलवा म्हणायची तर सोयच नाही. जेवणाच्या खोलीत खिडक्या, आमच्या झोपायच्या खोलीत कपाटं. शेवटी उरली मागची अडगळीची खोली. दहा बाय नऊची. तिथं ज्वारीची पिंपं, जुनी शिलाई मशीन, आणि गोदरेजचं नाही पण तसलंच एक लोखंडी कपाट. तिची एक भिंत रिकामी होती, पण महापुरात कमरेएवढं पाणी लागलेली. दरवर्षी रंग देतो आणि दरवर्षी पापुद्रे सुटतात. बत्तीस वर्षं ह्या घरात राबले, आणि माझ्या वाट्याला आली ती ओल धरलेली भिंत. मी तसं बोलूनही दाखवलं. ह्यांनी पेपर वाचता वाचता ‘हं’ केलं.

पुढचा ताप कापडाचा. केसाळ कापड म्हणजे फलालीन, एवढं मला कळलं. पेठेतल्या दुकानात गेले. दुकानदार एकदम हसरा झाला. “काकू, पोरगी का सून?” 

“कुणी नाही. भिंतीला लावायचंय.” 

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. “बाळाच्या खोलीला?” 

“बाळ नाही हो कुणाला! साधं पांढरं फलालीन द्या, मोठ्या पन्ह्याचं.” 

पांढरं नव्हतं. दुसऱ्या दुकानात नव्हतं, तिसऱ्यातही नव्हतं, आणि तिन्ही दुकानांत मला बाळंतविडा दाखवला. चौथ्या दुकानात मोठ्या पन्ह्याचं एकच मिळालं: पिवळ्या बदकांचं. उलटी बाजू गुळगुळीत, केसाळ बाजू तेवढी बदकांची. म्हणजे तीच वर हवी. बदकं तर बदकं म्हणून घेतलं आणि भर उन्हात रिक्षात बसून तणतणत घरी आले.

त्या बाईच्या व्हिडिओत कापडाच्या मागं थर्माकोल होतं. हलकं, टाचणी टोचली की आत जाते, एका हातानं उचलता येतं. थर्माकोलच्या शोधात मी दोन दिवस घालवले. एकजण म्हणाला गणपतीच्या आराशीचं थर्माकोल आता बंद झालंय, दुसरा म्हणाला फ्रीजच्या खोक्यातले तुकडे चालतील का. घरी येऊन मी हुश्श करून बसले, आणि तिथंच चूक झाली. मी ह्यांच्यासमोर म्हणून गेले, “जळ्ळं, एक साधी फळी मिळेना.” 

फौजेतल्या माणसाला काम सांगायचं नसतं. तो ते करतो. दुसऱ्या दिवशी दारात टेम्पो. टेम्पोत आठ बाय चारचं प्लायवूड, तेही जाड. दोन माणसांनी उचललं तरी धापा टाकत होती. “थर्माकोल कचरा असतो,” हे म्हणाले. “हे तुझ्या नातवंडांच्या काळापर्यंत टिकेल.” 

“अहो, महिनाभर टिकलं तरी पुरे होतं!” 

पण ऐकतो कोण? ड्रिल मशीन काढलं, ओळंबा काढला, पट्टी, पेन्सिल. ओल्या भिंतीत स्क्रू ठरेना. भोक पाडलं की पावशेर माती बाहेर. हे हट्टाला पेटले. लांब स्क्रू आणले, सिमेंट कालवून भोकं भरली, एक दिवस सुकू दिली आणि फळीला चहूबाजूंनी मिळून बारा स्क्रू ठोकले. बारा! फळीला लटकून दाखवलं मला. “आता भूकंप झाला तरी हलायची नाही.” तेव्हा मला हसू आलं होतं, हे खरं आहे. पुढं त्या बारा स्क्रूंनी माझे दात माझ्याच घशात घातले.

फलालीन ताणून खिळलं आणि तुकडे लावायला घेतले. व्हिडिओतल्या बाईचे तुकडे चिकटत होते. माझे लहान चिकटले, मोठे दहा मोजेपर्यंत राहिले आणि मग पडले. टाचणी टोचावी तर मागं प्लायवूड. टाचण्या वाकून वाकून हाताची चाळण झाली. शेवटी टाचण्या आडव्या घालून नुसत्या फलालिनात अडकवल्या, तेव्हा कुठं जमलं. हा शोध लागायला मला आठवडा लागला. आईचं हिरवं लुगडं, तिचं रोजचं जांभळं, देवाधर्माला नेसायची ते मोरपंखी, आणि विटकरी रंगाचं ते, जे तिला कधीच आवडलं नाही पण भावानं भाऊबीजेला दिलं म्हणून नेसायची. मधला चौकोन खणासाठी रिकामा ठेवला. तिथं दोन बदकं एकमेकांकडं बघत राहिली.

आक्काला नीट दिसावं म्हणून मी आणखी एक शहाणपणा केला. खोलीत दोन मोठे दिवे लावून घेतले, आणि भिंतीपासून हातभर अंतरावर तिच्यासाठी खुर्ची ठेवली. अगदी जवळ, मी म्हटलं, म्हणजे डोळ्याला ताण नको.

ठरल्याप्रमाणे तिचा मुलगा तिला दुपारी सोडून गेला. जेवण झालं, आणि मी तिला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. दिवे लावले. खुर्चीवर बसवलं. शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर उभी राहायचे तशी बाजूला उभी राहिले.

आक्कानं मान वर केली, खाली केली. डावीकडं, उजवीकडं. “ह्ये आईचं हिरवं,” ती म्हणाली. मग मान इंचाइंचानं सरकवली. “ह्ये जांभळं.” मग पुन्हा मान फिरवत राहिली. शेवटी म्हणाली, “चांगली झालीया.” 

मी तीस वर्षं पोरांना शिकवलंय. न वाचता ‘वाचलं बाई’ म्हणणारं पोर मला आवाजावरून कळतं.

“काय दिसलं, सांग.” 

“सांगितलं की. चांगली हाय.” 

“मध्ये काय आहे?” 

“मधी... मधी खण लावायची जागा.” 

“ते तुला मीच सांगितलंय फोनवर! दिसतंय का तुला?” माझा आवाज चढला. “अजून जवळ घेऊ का खुर्ची?” 

“आणखी जवळ?” आता तीही तापली. “आगं, नाक टेकवू का भिताडाला? जवळ घेशील तसं मला कमीच दिसतंय!” 

मला कळेना. ती मांडीवर हात आपटून म्हणाली, “नळीतनं बघितल्यागत दिसतंय मला. जवळ असलं की नळीत येवढंसं मावतंय. ताटातली भाकरी आख्खी दिसत न्हाई, पर गावाबाहेरचा डोंगर आख्खा दिसतोय. लांब गेलं की मावतंय.” 

“मग हे आधी का नाही सांगितलंस?” 

“कवा इचारलंस? तू न्हाई, पोरगा न्हाई, सून न्हाई. सगळी उठत्यात आन् डोळ्याफुडं आणून धरत्यात. फोटू नाकापाशी, नातू नाकापाशी. मी आपली व्हय म्हणत्ये.” 

मी ज्वारीच्या पिंपावर बसले. मला रडू यायला हवं होतं, आला तो राग. तिचा नव्हे, माझा स्वतःचा. महिनाभर मी फलालीन शोधलं, थर्माकोल शोधलं, हाताची चाळण केली, आणि ‘आक्का, तुला दिसतं तरी कसं?’ हे एवढं विचारलं नाही. फोन तर रोज करत होते. वर भिंत निवडली ती अशी, की पाठीमागं कपाट, सरायला सहा फूट नाहीत. आणि उद्या मिरजेची तपासणी. उद्या डॉक्टर काय सांगतील कोण जाणे.

मी उठून हॉलमध्ये गेले. हे दुपारचे लवंडले होते. “उठा. फळी काढायची.” 

“कुठली फळी?” 

“भूकंपाला न हलणारी!” 

आमचं जे भांडण झालं ते सगळं लिहीत नाही. काढायचीच होती तर लावली कशाला, हे त्यांचं म्हणणं. लावायची होती तर हॉलमध्ये का लावू दिली नाही, हे माझं. मध्येच आक्का आतून म्हणाली, “पाव्हणं, ऱ्हाऊ द्या. चांगली हाय म्हटलं की मी.” ते ऐकून हे उठले. मग चष्मा लावून ड्रिल मशीन घेऊन आत गेले.

सिमेंटात बसलेले बारा स्क्रू. तीन सुटले, पाचांची डोकी झिजली, चार भिंतीचा पोपडा घेऊन बाहेर आले. दीड तास. खोलीभर धूळ, आईच्या लुगड्यांवर धूळ, आक्काच्या केसांवर धूळ. डोकी झिजलेले पाच ह्यांनी पहारीनं भिंतीसकट उपटले, आणि ते करताना फौजेतली हिंदी ऐकवली, जी मी इथं लिहू शकत नाही. फळीला जुनं धोतर गुंडाळलं, शेजारच्या भाऊंना हाक मारली आणि दोघांनी ती आडवी-तिरकी करत मागच्या दारातून, बोळातून पुढं अंगणात आणली. पायरीवर टेकवली, धोतर सोडलं. चार तुकडे पडले होते. ते मी लावले. वाऱ्यानं फळी पडू नये म्हणून एका बाजूनं धरून उभी राहिले.

“चला आक्का,” हे म्हणाले, आणि तिचा हात धरून तिला पाठमोरं मागं मागं न्यायला लागले. तोंड फळीकडं, पावलं मागं.

“आता?” मी विचारलं.

“आर्धी.” 

तुळशीपाशी गेली. “आता?” 

“वरची कड न्हाई मावंना.” 

फाटकापाशी गेली. “आता?” 

“थोडी ऱ्हातीया खालची. पाव्हणं, हात सोडू नगा.” 

फाटकाबाहेर रस्ता. आमच्या रस्त्यानं दुचाक्या सुसाट जातात. ह्यांनी एक हात आक्काच्या हातात ठेवला, दुसरा सरळ आडवा केला आणि रस्ता थांबवला. एका रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. ह्यांनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं इंजिनच बंद केलं. आक्का रस्ता ओलांडून समोरच्या घराच्या कंपाउंडला पाठ टेकून थांबली. एवढ्या लांबून मला तिचा चेहराही नीट दिसत नव्हता.

मी फळी घट्ट धरून उभी. समोरच्या काकू खिडकीत आल्या, भाऊ फाटकात, रिक्षावाला रिक्षातून उतरला.

मग आक्का मोठ्यांदा म्हणाली, “मधी बदकं कशाची गं ती?” 

माझ्या तोंडून हुंदका आणि हसू एकदमच बाहेर पडलं. ती बदकं मी तिला सांगितलीच नव्हती. लाज वाटून कुणालाच सांगितली नव्हती.

“कापडावरची आहेत! खण लागला की झाकतील!” 

आक्कानं कनवटीचा बटवा काढला. चापटून चापटून घडी घातलेला खण ह्यांच्या हातात दिला. हे तो दोन्ही हातांवर घेऊन रस्ता ओलांडून आले. लाल काठाचा, काळा, कोरा. आईच्या हातून निघाल्यापासून मी तो पहिल्यांदाच बघत होते. मी तो मध्ये धरला.

“जरा वर,” आक्का तिकडून ओरडली. “तुझ्या डाव्या हाताला. लय झालं. हां. हां, टोच.” 

मी टाचण्या घातल्या. तुकड्याची धूळ झटकली. तिला आता निवांत बघू दे म्हणून मी फळी ह्यांच्या हातात दिली आणि बाजूला व्हायला लागले.

“ए, जाऊ नगंस!” 

मी थांबले.

“तितंच हुबी ऱ्हा. हितनं तू बी दिसतीस. आख्खी. किती दिसानं.” 

मी फळीच्या शेजारी उभी राहिले. हात कुठं ठेवावे कळेना, धुळीचे होते.

“लय वाळलीस गं,” ती रस्त्यापलीकडून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली. “आन् क्यास सगळं पांढरं? कवा झालं?” 

महिनाभर घरातल्या प्रत्येकाला मी उलट बोलले होते. आता एवढंच सुचलं. “झाले मध्ये कधीतरी,” मी ओरडून सांगितलं, आणि ती पुरे म्हणेपर्यंत हलले नाही.